भरमाण्णाच्या दोन रेघा

स्वीडन आणि कॅनडा या दोन देशांवर एकाच वेळी डूख धरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. या टोकाला निपाणी आणि त्या टोकाला कणकुंबी, एवढेच जग त्याने पाहिले होते. बर्फ कसा असतो हे त्याला ठाऊक नव्हते. गोरा माणूस पाहिला होता तो बेळगावच्या कॅम्पातला, आणि तोही घोड्यावर बसून जाणारा, म्हणजे बहुतेक पाठमोरा. तरीही दर वर्षी सरकारच्या आयात-निर्यातीचे निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक आमच्या वाचनालयात आले, की हा गृहस्थ चपला दाराबाहेर काढून, पटका काखेत मारून आत यायचा आणि बरोबर ‘शांतता राखा’ या पाटीखाली उभा राहून गरजायचा,

“मास्तर, अवंदा कोन वर? लाल का काळा?”

भरमाण्णा त्याचे नाव. धंद्याने करवत्या, म्हणजे झाडाचा ओंडका मोठ्या करवतीने चिरून फळ्या पाडणारा. मी मास्तर नव्हतो, वाचनालयाचा कारकून होतो. पण खडेबाजारात त्या काळी चष्मा लावून इंग्रजी वाचणाऱ्या प्रत्येकाला मास्तर म्हणत, आणि फुकटची बढती मी नाकारली नाही.

लाल म्हणजे स्वीडन, काळा म्हणजे कॅनडा. मुरगाव बंदरात उतरलेल्या परदेशी फळ्या रेल्वेच्या वाघिणी भरभरून स्टेशनाजवळच्या वखारीत येत. पांढुरक्या, हलक्या, सरळ. बाजार त्यांना ‘देवदारी’ म्हणे. देवदाराशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण नावात देव असला की माल खपतो. काही फळ्यांच्या टोकांवर लाल शिक्का असे, काहींच्या काळा. भरमाण्णाने एकदा मला हाताला धरून तिथे नेले आणि ते शिक्के वाचायला लावले. मी वाचले. त्या दिवसापासून त्याला दोन शत्रू मिळाले. तोवर बिचारा नुसताच रागावलेला होता. कुणावर, ते ठरत नव्हते.

निळ्या पुस्तकात एक पान होते. कोणत्या देशातून किती रुपयांचे ‘मऊ लाकूड’ आले, त्याचे. सरकारी भाषेत या जातीच्या झाडांना मऊ लाकूड म्हणतात. तो शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा भरमाण्णा हसला, पण ते हसू रागाचे होते.

“मऊ? लाकूड हाय का लोणी? मऊ लाकूड कोन घेतंय? मऊ माणसं घेत्यात!”

रुपयांच्या शेजारी आणखी एक रकाना होता. त्यात तेच लाकूड टनांत दिलेले असे. तो मी वाचू लागलो, तर त्याने हात वर केला.

“टन? वजनावर? सरपण हाय व्हय ते? लाकूड हातानं मोजत्यात, खंडीनं मोजत्यात. वजनावर लाकूड इकणाऱ्या माणसाचं मला सांगू नका. रुपय सांगा. रुपय सगळीकडं सारखंच.”

टनाचे ते माप वजनाचे नव्हते, आकारमानाचे होते. मी समजावू शकलो असतो. पण खिडकीपाशी दोन वकील वर्तमानपत्रातून डोके काढून माझ्याकडे पाहत होते, मला प्रकरण लवकर मिटवायचे होते. मी रुपये सांगितले. पुढे वर्षानुवर्षे रुपयेच सांगत राहिलो.

हे आकडे तो लिहून घेत नसे, कारण त्याला लिहिता येत नव्हते. त्याला सूत मारता येत होते. ओंडका चिरण्याआधी करवत्ये गेरूत भिजवलेला दोरा दोन टोकांना ताणून धरतात, मध्ये चिमटीत उचलतात आणि सोडतात. टण्णकन आवाज होतो आणि लाकडावर सरळ रेघ उठते. त्या रेघेवरून करवत जाते. भरमाण्णाने पिरनवाडीच्या आपल्या घरात सागाची एक रुंद फळी भिंतीला टेकवून ठेवली होती. मी सांगितलेल्या आकड्याच्या मानाने तो बोटांनी उंची मोजायचा, तिथे खूण करायचा, आणि गेल्या वर्षीच्या खुणेपासून या वर्षीच्या खुणेपर्यंत सूत मारायचा. स्वीडनचा दोरा गेरूत, कॅनडाचा कोळशाच्या काजळीत. अशा दोन रेघा, एक लाल आणि एक काळी, वर्षामागून वर्ष त्या फळीवर चढत-उतरत, एकमेकींना ओलांडत पुढे चालल्या होत्या. पुढे एका प्राध्यापकांच्या बैठकीत असाच आलेख मी काचेच्या चौकटीत पाहिला. त्यांना त्याचा फार अभिमान होता. त्यांच्या रेघा भरमाण्णाइतक्या सरळ नव्हत्या.

या रेघांबद्दल तो पैलवानांबद्दल बोलावे तसे बोले. “लाल्यानं अवंदा काळ्याला खाली घेटलंय बगा. पर काळा खालनं डाव टाकतोय.” फरक एवढाच, की या कुस्तीत कोणीही जिंकले तरी त्याला रागच यायचा.

रागाचे त्याचे तीन वर्ग होते. राग मध्यम असला की तो मराठी बोले. जास्त असला की कन्नड. आणि त्याहून जास्त असला की गप्प बसे. मी बहुतेक वेळा त्याचा मराठी रागच पाहिला आणि तो मला पटतही होता. कणकुंबीच्या रानात वाऱ्याने पडलेली फांदी एखाद्या बाईने उचलली, तर जंगलखात्याचा गार्ड तिला दिवसभर चौकीपुढे उन्हात बसवी. रान सरकारचे होते. त्यातली फांदी सरकारची, पानही सरकारचे. आणि त्याच रानाला लागून जाणाऱ्या रुळांवरून दुसऱ्या खंडातले लाकूड दिमाखात बेळगावात येत होते. घरासमोर विहीर असून तिला कुलूप लावावे आणि पाणी विलायतेहून मागवावे, असा तो राज्यकारभार होता. यावर सभा होत नसत. सभा होत त्या राज्यकर्त्यांच्या वाढदिवसाच्या.

भरमाण्णाला सभेत जाण्याची गरज नव्हती. तो जिथे जाई तिथेच सभा होई. त्याला एक वाईट सवय होती. जे लाकूड दिसेल त्यात तो अंगठ्याचे नख रोवून पाही. नख रुतले की संपले. डॉक्टरांकडे पोट दाखवायला गेला आणि त्यांच्या टेबलात नख रोवून म्हणाला, “टेबल देवदारी. औशिद पन तसंच असंल.” औषध न घेता परत आला. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या बापासाठी मांडलेल्या खुर्चीत त्याने नख रोवले आणि भर मांडवात सांगितले, “व्याही, जपून बसा. स्वीडन हाय खाली.” व्याही सगळे कार्य उभ्यानेच करून गेले.

माणसांनाही तो हेच माप लावी. ‘देवदारी’ ही त्याची सगळ्यात मोठी शिवी होती. ज्याच्यात कोणीही खिळा मारावा आणि तो कुरकुर न करता आत जावा, तो माणूस देवदारी. गार्ड देवदारी, वखारवाला देवदारी, नगरपालिकेचे झाडून सगळे सभासद देवदारी. “मी कोणता?” असे मी एकदा विचारले. त्याने माझ्याकडे खालीवर पाहिले.

“तुमी अजून वल्लं हाय, मास्तर. वाळल्याबिगार सांगता येत न्हाय.”

त्या वेळी मी पस्तिशीला आलो होतो.

हे सगळे ऐकून लोक हसत. मीही हसत असे. पण या रागाच्या मुळाशी एक माणूस होता आणि तो स्वीडनमध्ये राहत नव्हता. तो निपाणीत राहत होता. त्याचे नाव गुंडू.

करवतीचे काम एकट्याचे नसते. ओंडका बल्ल्यांच्या, म्हणजे जाड वाशांच्या, कैचीवर तिरका चढवतात. एक जण ओंडक्यावर उभा राहतो, दुसरा खाली. वरच्याने सुतावर नजर ठेवायची आणि करवत वर खेचायची. खालच्याने ती खाली ओढायची आणि सगळा भुसा डोळ्यांत, नाकात, मानेवर झेलायचा. वरचा मिस्त्री, खालचा गडी. ही जोडी एकदा जमली की मोडत नाही. दोघांची ओढ एक व्हायला वर्षे लागतात. लग्न जुळवताना कोणी पाहणार नाही इतके आमच्याकडचे करवत्ये जोडीदाराचा हात आणि दम पाहत. भरमाण्णा वर आणि गुंडू खाली, अशी त्यांची जोडी मिसरूड फुटल्यापासूनची. खानापूरपासून बेळगावपर्यंतच्या कितीतरी घरांची आढी त्यांनी चिरलेली होती. गुंडू कमी बोलायचा. भरमाण्णाला जोडीदार म्हणून मिळालेल्या माणसाला दुसरा मार्गही नव्हता.

पहिली मोठी लढाई संपली, त्यानंतरच्या एका साली लाल रेघ अचानक चढली. चढली म्हणजे किती? भरमाण्णाला फळीवर जागा पुरेना. त्याने वर दुसरी फळी ठोकली आणि तिच्यावर सूत मारले. मला तेव्हा वाचनालयात लागून दोन-तीन वर्षेच झाली होती. तो आकडा मीच वाचून दाखवला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला वाचनालयात कन्नड बोलताना ऐकले.

घरी जाऊन त्याने गुंडूला ती फळी दाखवली आणि म्हणाला, “बग. एवढं लाकूड आलं. संपलं आपलं. आता करवत आड्याला टांगायची आन गळ्यात तंबोरा घ्यायचा.”

तो रागात बोलला होता. गुंडूने मात्र ते खरे मानले. तीस-एक वर्षे भरमाण्णाच्या सुतावर करवत ओढलेला माणूस तो. भरमाण्णाची रेघ वाकडी असू शकते हे त्याच्या मनाला शिवणेच शक्य नव्हते. घरात तीन मुली होत्या. महिन्याभरात त्याने बिऱ्हाड बैलगाडीत घातले आणि निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत, तंबाखू चाळायच्या कामाला लागला.

भरमाण्णा गाडीपुढे आडवा झाला नाही. निरोपही दिला नाही. गाडी निघाल्यावर एवढेच ओरडला, “जा! तू बी देवदारी निगालास!”

त्यानंतर त्याने तीन जोडीदार करून पाहिले. पहिल्याला ‘तू करवत वडतोयस का म्हस पिळतोयस?’ म्हणून हाकलले. दुसरा भुशाने शिंकत असे, तेवढ्यावरून त्याला हाकलले. तिसऱ्यात काहीच खोट सापडेना म्हणून त्याला अधिकच रागाने हाकलले. मग करवत खरोखरच आढ्याला गेली. तो दुसऱ्यांच्या करवतींना कानशीने धार लावून पोट भरू लागला, आणि दर वर्षी माझ्याकडे येऊन त्या दोन देशांची चौकशी करू लागला. एकच गोष्ट तो सारखी म्हणे, “एक मोठं काम येऊ दे मास्तर. एवढं मोठं, की गुंड्याला ‘न्हाय’ म्हनता आलं न्हाय पायजे.”

असे काम आले. गावासाठी सार्वजनिक सभागृह बांधायचे ठरले. कमिटीचे अध्यक्ष एक रावसाहेब होते. रावसाहेब हे त्यांचे नाव नव्हे, ती त्यांना सरकारने दिलेली पदवी होती. पण ती त्यांना इतकी आवडली की मूळ नाव वापरातून गेले. सभागृहाचा पाया खणण्याआधी त्याची संगमरवरी पाटी तयार होती आणि पाटीवर रावसाहेबांची सगळी इंग्रजी अक्षरे मावावीत म्हणून दरवाजा रुंद करण्यात आला होता. छपराची लाकडे, व्यासपीठ आणि बाकडी उत्तम परदेशी देवदारी फळ्यांची करायची असा ठराव झाला. कारण? ‘आधुनिक दृष्टी.’ कार्यवृत्तात हेच लिहिलेले आहे, मी स्वतः वाचले आहे.

भरमाण्णाने ती दोन मजली झालेली फळी खांद्यावर घेतली आणि भर दुपारी खडेबाजारातून चालू लागला. इंग्रजी आकडे कोणी विचारले तर सांगायला म्हणून मी मागे. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. कोणीतरी विचारले, “भरमाण्णा, कुनाची तिरडी वो?” तो म्हणाला, “बगूया.”

कमिटी चहा पीत होती. भरमाण्णाने फळी टेबलावर, बशांच्या मधोमध ठेवली.

“हे काय आणलंस?” रावसाहेबांनी विचारले.

“तुमच्याच सरकारचा आकडा हाय, रावसाब. माज्या सुतानं मांडलाय. ही लाल रेघ बगा. ही काळी. दोगं मिळून आमच्या छातीवर बसल्यात. हितं झाड हाय, हितं करवत हाय, हितं मानूस हाय. मग बाकडी समुद्रापल्याडनं का? आमचं लाकूड तुमास्नी बसायला टोचतंय व्हय?”

दोन सभासद हसले. रावसाहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, फळीवर वाकले, बराच वेळ पाहिले आणि माझ्याकडे वळले.

“हे आकडे मूल्याचे आहेत की मापाचे?”

“मूल्याचे,” मी म्हणालो.

“मग ही रेघ लाकडाची नव्हेच. ही भावाची रेघ आहे. लढाईनंतर सगळ्याच मालाचे भाव भडकले होते. लाकूड आधीपेक्षा कमीसुद्धा आलं असेल. पण दर वाढला, रुपये वाढले, रेघ चढली.” त्यांनी बशी पुढे ओढली. “इतकी साधी गोष्ट आहे. उचला हे.”

पोकळ माणूस कधी कधी बरोबर असतो आणि तसा तो असला की त्याच्याइतका संताप कुणाचा येत नाही. मी त्या खोलीत कधी नव्हे इतका रागावलो. रावसाहेबांवर तर रागावलोच. परदेशी बाकड्यांचा ठराव तसाच चुकीचा होता, गार्डाने उन्हात बसवलेली बाई तशीच बसलेली होती, आणि हा माणूस एक बरोबर वाक्य बोलून त्या सगळ्यातून सुटला होता. पण त्यांच्यावर रागावणे सोपे होते. मूल्य आणि माप यांतला फरक मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

भरमाण्णाने फळी उचलली. बाहेर रस्त्यावर आल्यावर म्हणाला, “वाचनालयात चला.”

“भरमाण्णा, आता कशाला...”

“चला म्हनतोय न्हवं!”

त्याने मला ते जुने वर्ष काढायला लावले. मी कपाटाच्या तळातून निळे पुस्तक काढले, धूळ झटकली, पान उघडले.

“त्यो टनाचा रकाना वाचा.”

मी वाचला. आधीच्या वर्षीचाही वाचला. रावसाहेबांनी अंदाजाने सांगितले होते ते खरे निघाले. लाल रेघेने दुसरी फळी मागितली त्या साली स्वीडनहून लाकूड आधीपेक्षा कमी आले होते.

त्याने पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा वाचले. मराठी नाही, कन्नड नाही. पटका काखेतून काढला, डोक्याला गुंडाळला, तिथेच, वाचनालयात, जे त्याने कधी केले नव्हते, आणि निघून गेला. फळी माझ्या टेबलाला टेकलेली राहिली.

दुसऱ्या वर्षी निळे पुस्तक आले, तो आला नाही. तिसऱ्या वर्षीही नाही. मी ती पाने स्वतःच उघडून पाहायचो, दोन्ही रकाने वाचायचो, आणि सांगायला कोणी नसायचे.

मग दुसरी लढाई सुरू झाली. समुद्रावर बोटी बुडू लागल्या. लाल शिक्क्याची फळी यायची थांबली, काळ्या शिक्क्याची दुर्मीळ झाली, आणि जी आली ती लष्कराने उचलली. यंत्राने लाकूड कापणारी गिरणीसुद्धा लष्कराच्या कामाला जुंपली गेली. सभागृहाच्या चार भिंती आणि संगमरवरी पाटी पावसात भिजत उभी होती. भरमाण्णा ज्यासाठी इतकी वर्षे शिव्या देत होता ते सगळे एका युद्धाने परस्पर करून टाकले.

रावसाहेबांनी दोनदा शिपाई पाठवला. भरमाण्णा गेला नाही. शेवटी रावसाहेब स्वतः मोटारीतून पिरनवाडीला आले. मध्यस्थ म्हणून मला घेतले होते. भरमाण्णा करवतीला कानस मारत बसला होता. तो उठला, मोटारीभोवती एक फेरी मारली, दाराच्या लाकडी चौकटीत नख रोवून पाहिले.

“मोटार चांगली हाय,” तो म्हणाला. पुढचे वाक्य त्याने गिळले. ते सगळ्यांना ऐकू आले.

“खानापूरच्या डेपोतून किंजळ आणि साग मिळवलाय,” रावसाहेब म्हणाले. “चिरून द्यायचं. पूर्ण सभागृहाचं काम.”

“देतो. पर जोडीदार माजा मी आननार. त्येला येळ लागला तर थांबायचं. त्येच्याकडं बघून कुनी हूं का चूं केलं तर लाकूड तसंच ठिवून मी जानार.”

“कोण जोडीदार?”

“हाय एक,” भरमाण्णा म्हणाला. “कठीण लाकडाचा हाय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सर्व्हिस मोटारीने निपाणीला गेलो. संकेश्वर मागे पडले. मग तो एकदम म्हणाला, “तुमी फकस्त बसायचं. बोलायचं न्हाय.”

वखारींच्या मागच्या गल्लीत हवाच अशी होती की मला सारख्या शिंका येत होत्या. गुंडू दारातल्या कट्ट्यावर बसला होता. मी त्याला वीस-एक वर्षांनी पाहत होतो. खांदे होते त्या जागी आता हाडे होती. तंबाखूची धूळ इतकी वर्षे छातीत गेलेली. दोन वाक्यांमध्ये त्याला श्वास गोळा करावा लागे आणि मधूनच खोकल्याची उबळ आली की तो भिंतीला हात लावून थांबे.

“ऊठ,” भरमाण्णा म्हणाला. वीस वर्षांनंतरचा पहिला शब्द. “काम आलंय.”

“आलास व्हय,” गुंडू म्हणाला. “बस की. च्या घे.”

“च्या प्यायला आलो न्हाय. किंजळ हाय. साग हाय. वर्षभर पुरंल.”

गुंडूने हात उलटेसुलटे करून पाहिले. “दम न्हाय रं माज्यात आता. चार पावलं चाललो तर बसाया लागतंय.”

“तुज्यात दम व्हता कवा? मीच वडत व्हतो सगळं.”

गुंडू हसला. हसण्याचा खोकला झाला. तो ओसरल्यावर म्हणाला, “पर ती रेघ? एवढं लाकूड आलं म्हनालतास.”

मी तोंड उघडले. चूक माझी होती, मी सांगायला हवे होते. ते वाक्य मी मोटारीत चार वेळा मनात जुळवलेले होते. भरमाण्णाने माझ्याकडे न पाहताच हात आडवा केला.

“रेघ चुकली,” तो म्हणाला. “माजीच.”

ज्यांनी कधी करवत्ये पाहिले नाहीत त्यांना यात काही वाटणार नाही. तो आपले नाक कापून देत होता. गुंडूला ते कळले. तो भिंतीला हात लावून उठला आणि आत वळून बायकोला म्हणाला, “आगं, माजा पटका कुटं हाय बग.”

आठ दिवसांनी सभागृहाच्या आवारात काम सुरू झाले. मी मुद्दाम वाचनालयात अर्धा दिवस रजा टाकून गेलो. तोवर बातमी पसरली होती आणि कमिटीचे सभासद, रावसाहेब, गावातले रिकामे लोक सगळे जमले होते. कैचीवर किंजळाचा भला मोठा ओंडका चढवलेला. गेरूची रेघ त्यावर मारलेली.

ओंडक्यावर गुंडू उभा होता.

मला वाटले, मी पाहण्यात चूक करतो आहे. जवळ गेलो. खाली भरमाण्णा उभा होता. डोक्यापासून खांद्यांपर्यंत भुशाने माखलेला, डोळे किलकिले केलेले. उभ्या जन्मात मिस्त्री म्हणून वर उभा राहिलेला माणूस, साठी उलटल्यावर, सगळ्या गावादेखत खाली उतरला होता. वर धूळ जात नव्हती. वर वारा होता.

एक सभासद रावसाहेबांच्या कानात काहीतरी कुजबुजला. रावसाहेबांनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, बोलायचे काहीतरी टाळले.

मी करवतीकडे पाहत राहिलो. वर खेचायची ताकद गुंडूकडे नव्हती. हात मुठीवर होते, पण दंडाची एक शीर ताणलेली दिसत नव्हती. भरमाण्णा खालून करवत वर ढकलत होता आणि मग तीच खाली ओढत होता. दोघांचे काम एकटा. गुंडू सुतावर नजर लावून, मान ताठ करून, पूर्वी भरमाण्णा उभा राहायचा तसा उभा होता. आपल्या हाताखाली किंजळासारखे कठीण लाकूड लोण्यासारखे उतरते आहे, याचा आनंद त्याच्या सुकलेल्या तोंडावर मावत नव्हता.

“गुंड्या!” खालून भरमाण्णा खेकसला. तोंडातला भुसा थुंकला. “जरा दमानं वड की रं! काय जीव घेतोस का माजा? म्हातारा झालोय मी. तुजी वड मला झेपंना!”

“बरं, बरं,” गुंडू वरून म्हणाला. “वरडू नकोस. हळू घेतो.”

आणि त्याने ओढ कमी केली.

करवत होती त्याच वेगाने चालत राहिली.